श्वासाकडे लक्ष द्या

"तू बौद्ध ना? मग ये पुढं. शांत कसं बसायचं ते सगळ्यांना दाखव."

असं म्हणून साहेबानं मला जमिनीवर बसवलं. बाकीच्या बायका खुर्च्यांवर. एक खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडं बघितलं, तर म्हणाला, "खालीच बरं. तुमच्या लोकांना सवय असते."

दोघीतिघी हसल्या. मी मांडी घातली. कान तापले होते.

नवी मुंबईत, पावण्यातला रसायनांचा कारखाना. मी पॅकिंगला होते. पिशव्यांत पावडर भरायची, तोंडं शिवायची. शेडच्या मागच्या टाकीचा पाइप गळत होता. दुपारी वारा फिरला की तव्यावर मिरची जळावी तसा वास आत यायचा. आधी कधीतरी, मग रोज. एके दिवशी सुनंदाताई मशीनजवळच कोसळली. साताऱ्याकडची, माझ्याच शेजारी काम करणारी. आम्ही तक्रार घेऊन गेलो, तर साहेब कमरेचा पेजर बघत म्हणाला, बायकांना घरचं टेन्शन फार, त्यानं चक्कर येते. त्या टेन्शनवर उपाय म्हणून त्यानं वाशीहून ध्यान शिकवणाऱ्या एक बाई बोलावल्या.

बाई मऊ बोलायच्या. बुद्धाचं नाव घेऊन सांगत होत्या की दुःख बाहेर नसतं, मनात असतं. राग सोडा. श्वासाकडे लक्ष द्या.

श्वास बघायला मला आईनं शिकवलं होतं, कोपरखैरण्याच्या खोलीत. नळावर भांडण झालं, नवरा पिऊन आला, पोर तापलं, की मी जरा डोळे मिटून बसायची. मग उठून जे करायचं ते करायची. आई म्हणायची, शांत बसायचं ते नीट दिसावं म्हणून.

साहेबानं बाहेरचा आवाज नको म्हणून शेडला लागूनच्या त्या खोलीचं दार लावून घेतलं. कडी घातली. मी डोळे मिटले.

श्वास आत. नाकात तिखट. बाहेर. पुन्हा आत. घशाला काटे. वास रोजच्यापेक्षा दाट होता, मागच्या झरोक्यातून येत होता. सुनंदाताई खोकली. खोकतच राहिली. बाई हळूच म्हणाल्या, "खोकला म्हणजे मनाची चंचलता. जाऊ द्या."

मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेले. साहेब कोपऱ्यात उभा. नाकावर रुमाल.

म्हणजे वास त्यालाही येत होता.

मी उठले.

"बस खाली," तो म्हणाला.

"नाय बसणार. दुःखाला कारण असतं, हे पण बुद्धानंच सांगितलंय. ते आमच्या मनात नाय, त्या पाइपात हाय."

मी कडी काढली. सुनंदाताईपुढं हात केला. तिनं माझ्याकडं बघितलं, साहेबाकडं बघितलं, आणि आपले हात पदराखाली घेतले. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर तिच्या एकटीवर. मी एकटीच बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं मला फाटकावरच अडवलं. पाइप तसाच. त्याच आठवड्यात सुनंदाताईला शेडमधून उचलून नेलं. ती अजून सरकारी दवाखान्यात आहे. आवाज गेलाय. खुणेनं पाणी मागते. तिच्या जागेवर दुसरी बाई घेतली. तीही आता खोकते.

मी अजून पहाटे बसते. श्वास बघते. बसलं की राग जात नाही, सरळ होतो. मग चप्पल घालते आणि कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकावर जाते. आत जाणाऱ्या प्रत्येकीला पाइपाचं सांगते. काहीजणी मान खाली घालून जातात. काल साहेबानं निरोप धाडला, गप्प राहिलीस तर परत कामावर घेतो. निरोप आणणाऱ्याला मी सांगितलं, "आधी पाइप. मग बोलू."

उद्याही मी तिथं असेन. फाटकावरून हाकललं तर रस्त्याच्या पलीकडं उभी राहीन. तिथूनही माझा आवाज आत जातो.