लाभ, दोन, तीन

नव्या सर्जनला मी पहिल्याच दिवशी रडवते, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. साफ खोटं. इतक्या वर्षांत रडले ते दोघंच, आणि त्यातला एक तर घरच्या आठवणीनं रडत होता. पण माझा आवाज मोठा होता हे खरं, आणि मला त्याचा गर्व होता हेही खरं. ऑपरेशन थिएटरची मी मुख्य सिस्टर. मी ओरडले की वॉर्डातली लहान पोरंसुद्धा रडायची थांबत. याला मी शिस्त म्हणायची.

दवाखाना धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावचा. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. साखर कारखान्याच्या सभासदांच्या वर्गणीतून इमारत उभी राहिली आणि एका मेडिकल कॉलेजानं तिथं आपल्या सर्जरी विभागाची शाखा काढली. दर वर्षी कॉलेजातून नवे सर्जन यायचे. त्यांच्या स्वागताची रीत ठरलेली होती. सकाळी एकानं विभागप्रमुखांसमोर पहिलं ऑपरेशन करायचं, मग व्हरांड्यात हार, नारळ, भाषण, चहा आणि पेढे. माझं स्वागत या सगळ्याच्या आधी, थिएटरच्या दारात व्हायचं. चपला कुठं काढायच्या, हात किती वेळ घासायचे, आणि मला विचारल्याशिवाय पोट शिवायला सुई उचलायची नाही.

सुईचं कारण साधं होतं. पोट उघडलं की रक्त टिपायला आत कापडाच्या जाड शिवलेल्या घड्या ठेवतात. त्यांना मॉप म्हणतात. जितके आत गेले तितके बाहेर आले पाहिजेत. रक्तात भिजलेला मॉप आतड्यांच्या गर्दीत मांसासारखाच दिसतो, डोळ्यांना कळत नाही. म्हणून आधी मोजायचे, नंतर मोजायचे. ज्या वर्षीचं सांगते त्या वर्षी तर मोजणं जास्तच महत्त्वाचं झालं होतं. पावसानं सलग पाठ फिरवलेली, पाणी टँकरचं, धुणं तुंबलेलं. एरवी दहाचा गठ्ठा असायचा. आता हाताला लागतील तेवढे मॉप वाफवून घ्यायचे, कधी आठ, कधी अकरा.

मोजायला आमचे मामा होते. पन्नाशीचे, रोजंदारीवर वॉर्डबॉय म्हणून लागलेले. त्याआधीची सगळी हयात त्यांनी कळंबच्या बाजारात मापाडी म्हणून धान्य मोजण्यात घालवली होती. शेतात पिकलं नाही म्हटल्यावर बाजारात येणार काय आणि मापाडी मोजणार काय? आणि मापाडी पहिलं माप टाकताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. आमच्याकडं खळ्यावर खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मामांच्या तोंडून तर 'एक' हा शब्द कायमचाच गेला होता. "मामा, दुपारी लाभ वाजला की मला उठवा," असं मी त्यांना चिडवायची. ते गालात हसायचे आणि परत लाभच म्हणायचे. मी त्यांना ती सवय मोडायला लावली नाही. दुष्काळात तो शब्द कानाला बरा वाटायचा.

त्या वर्षी तीन नवे सर्जन आले. पहिल्या ऑपरेशनचा मान मिळाला तो पुण्याकडचा होता. हात चांगले होते त्याचे, बोलणं गोड. ऑपरेशन होतं सोनारीकडच्या एका बाईचं. वय तिशीच्या आतबाहेर, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. पोटात गाठ वाढली होती. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलेलं, त्यामुळं ती जागी होती. छातीपाशी पडदा लावला होता आणि पडद्याच्या अलीकडं ती छताकडं बघत पडली होती.

मामांनी मॉप मोजले. "लाभ, दोन, तीन..." अकरा भरले. मी फळ्यावर अकरा लिहिलं.

नवा सर्जन मास्कच्या आतून हसला. "सिस्टर, हे लाभ काय प्रकरण आहे?"

"शुभ असतं ते," मी म्हणाले. "तुम्हा पुण्याच्या लोकांना नाही कळायचं. हात चालवा."

एवढंच सांगितलं. लाभ म्हणजे एक, हे तीन शब्द मी खर्च केले नाहीत. टोमणा मारायची संधी चालून आली होती, ती कशी सोडणार?

गाठ निघाली. प्रमुखांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि ते हातमोजे काढून व्हरांड्याकडं गेले, कारण कारखान्याचे चेअरमन वेळेआधीच येऊन बसले होते आणि त्यांना दुष्काळाच्या बैठकीला जायचं होतं. पाठोपाठ मेट्रनचा निरोप आला: ओवाळायला सिस्टरला पाठवा. आता गंमत बघा. माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात ओवाळणं बंद. तरी दवाखान्यात कुणी पाहुणा आला की तबक माझ्याच हाती, कारण हाताखालच्या पोरींचे म्हणे हात थरथरतात. मी चडफडले, पण गेले. माझ्या जागी शहरातून आलेल्या एका नवख्या नर्सला उभं केलं. थिएटर सोडताना मन कचरलं होतं, हे आज सांगायला सोपं आहे. तेव्हा मन कचरलं नव्हतं, फक्त राग आला होता.

पुढं आत काय झालं ते मला नंतर सर्जन, मामा आणि ती नर्स अशा तिघांकडून कळलं, आणि तिघांचं तंतोतंत जुळलं. सर्जननं विचारलं, "मामा, मोजलं का?" मामांनी जमिनीवरच्या रबरी कापडावर मॉप मांडले होते. दहा होते. ते म्हणाले, "लाभ ऱ्हायलाय, सायेब."

सर्जन हसला. "राहू द्या की मामा. लाभ राहिलेलाच बरा." आणि त्यानं सुई मागितली.

मामांना यात वावगं वाटलं नाही. महिन्याभरापूर्वीच एका माणसाचं रक्त थांबेना म्हणून जुन्या डॉक्टरांनी मुद्दाम आत मॉप दाबून ठेवला होता आणि दोन दिवसांनी काढला होता. सायबांनी राहू द्या म्हटलं, म्हणजे तसंच काहीतरी असणार. मी परतले तेव्हा कातडी शिवणं चाललं होतं. "मोजणी?" मी विचारलं. "झाली, मामांनी सांगितलं," सर्जन म्हणाला. मी मामांकडं पाहिलं, त्यांनी मान डोलावली. झालीच होती मोजणी. आकडा मी विचारला नाही. ओवाळून आल्यावर बोटाचं कुंकू पुसावं तसा फळा पुसून टाकला आणि पेढे वाटायला गेले.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. ऑपरेशननंतर येतो थोडाफार, मी मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी तो उतरायला हवा होता, तो चढला. चौथ्या दिवशी पोट टणक झालं आणि तिनं खाल्लेलं पोटात ठरेना. नवा सर्जन दिवसातून सहा वेळा तिच्या खाटेपाशी यायचा, औषधं बदलायचा, माझ्याकडं बघायचा. वॉर्डात तेव्हा गर्दी मावत नव्हती; दुष्काळी कामावरचे जखमी, जुलाबाची पोरं, नातेवाइकांच्या घागरी. मी सकाळपासून कुणावर ना कुणावर तोंड टाकत असायची. तिच्या अंगाला एक वास येऊ लागला होता. तो मी ओळखला होता, पण त्याचं नाव घ्यायची माझी तयारी नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी मी तिची पट्टी बदलत होते. ती माझ्या तोंडाकडं न बघता अगदी हळू म्हणाली, "सिस्टरबाई, त्यो लाभ कवा काडायचा?"

"कसला लाभ?"

"आत ऱ्हायलेला. मामा म्हनले नव्हं, लाभ ऱ्हायलाय. सायेब म्हनले ऱ्हाऊ द्या. म्या ऐकत व्हते की."

त्या खोलीत तो शब्द कळणारी दोनच माणसं होती. एकाला वाटलं सायबांना कळलाय. दुसरी टेबलावर पडली होती.

मी मामांना गाठलं. "लाभ राहिला होता?" "व्हय," ते म्हणाले, "सायबांनीच ऱ्हाऊ द्या म्हनलं." आणि मग माझा चेहरा बघून म्हणाले, "म्हंजी सायबांना कळलंच न्हवतं?" सर्जनला सांगितलं. मला वाटलं आता सबबी सांगेल. पण तो म्हणाला, "आजच उघडायचं. सरांना मी कळवतो." त्या पोरावर मी पुन्हा कधी ओरडले नाही.

पण उघडणार कसं? टँकर आला नव्हता. हत्यारं आणि कापडं वाफवायच्या यंत्रात पाणी नव्हतं, हात धुवायलाही नव्हतं. सकाळची दुपार झाली. तिचा नवरा व्हरांड्यात उकिडवा बसून होता, त्याला एवढंच सांगितलं होतं की परत ऑपरेशन आहे. शेवटी मी वॉर्डात उभी राहिले आणि नातेवाइकांकडं पाणी मागितलं. ओरडून नव्हे, मागितलं. माणसांनी आपल्या प्यायच्या घागरी थिएटरच्या दाराशी आणून ठेवल्या. जुलाबाच्या पोराच्या आईनंसुद्धा आणली. तिची तेवढी मी परत दिली.

प्रमुख आले, त्यांनी उघडलं. आत पू झाला होता. मॉप सापडायला वेळ लागला नाही. मामा त्या दिवशी मोजायला आत आले नाहीत, बाहेर भिंतीकडं तोंड करून उभे होते. मोजणी मी केली, तीनदा.

त्यानंतर ती दोन दिवस होती. बहुतेक वेळ ग्लानीतच. एकदा डोळे उघडले तेव्हा मी शेजारी बसले होते. विचारायला नको होतं, पण राहवलं नाही. "बाई, तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला का नाही विचारलंस?"

"इचारनार व्हते," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिशी. पर तुमी पल्याडच्या खाटंवर वरडत व्हता. म्हनलं, आपल्यावरबी वरडतील. सायबाला ठाव असंल की कवा काडायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

नवऱ्याला काय सांगायचं यावर प्रमुखांच्या खोलीत बराच खल झाला. गाठीचं विष पसरलं असं सांगावं, असं ठरलं. मी ऐकून घेतलं आणि व्हरांड्यात जाऊन त्याला सगळं सांगितलं. मॉप, लाभ, ओवाळायचं तबक, काही सोडलं नाही. तो खाली बघत ऐकत राहिला. मग त्यानं एकच विचारलं.

"तिला ठाव व्हतं, तर ती बोलली का न्हाय?"

"मला भ्याली," मी म्हणाले.

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. मी रडत होते बहुतेक. त्याला माझी दया आली असावी, कारण तो समजूत घातल्यासारखा म्हणाला, "व्हय. भित्रीच व्हती ती."