नवरदेवाशिवाय बँड वाजत नाही

१. अमरावतीचा एक पितळी बँड पहिल्या रेकॉर्डसाठी मुंबईच्या स्टुडिओत आला.
२. खुर्च्यांवर बसवल्यावर त्यांचा ताल सुटला.
३. बँड जिथे वाजतो तिथेच जाऊन ध्वनिमुद्रण करावे असे ठरले. मशीन घेऊन मी गेले.
४. ध्वनिमुद्रण झाले. त्यात वाद्यांखेरीज तीन आवाज आले.

आता प्रवास. अमरावतीला जायचे तर आधी बडनेऱ्याला उतरावे लागते. तिथून छोटी गाडी मिळते. ती चुकली तर टांगा. माझी चुकली. टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन टांग्यात बसायचे असेल तर खाली उशी घ्यावी, मांडीखाली नव्हे, मशीनखाली.

नामदेव मास्तर राजापेठेत राहतात. ते बँडचे कॉर्नेट वाजवतात. त्यांनी मला आधी गिलावडा, म्हणजे दह्यात बुडवलेला वडा, खाऊ घातला आणि स्वतः नुसते दही खाल्ले. समोरचे दोन दात हलत होते. पंधरा दिवसांनंतरच्या शनिवारी ते काढायचे ठरले होते, आणि समोरचे दात नसले की कॉर्नेट फुंकता येत नाही.

"म्हंजे ही रेकॉर्ड झाली तर झाली," ते म्हणाले.

"मुंबईत काय बिघडलं?" मी विचारले.

"बाई, बसून आमाले फक्त जेवता येते. आमचा ताल पायात हाये."

मोकळ्या मैदानात आवाज विरतो आणि गल्लीत घुमतो. मला तीन बाजूंनी मऊ भिंती हव्या होत्या. मास्तरांना अकोल्याच्या एका जिनचे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचे, आवार आठवले. तिथे कापसाच्या गाठी रचून ठेवलेल्या असतात आणि वीजही आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅसेंजरने निघालो. मोठा ढोल बाकाखाली जाईना, म्हणून त्याला खिडकीजवळची जागा दिली. मूर्तिजापूरला चढलेल्या एका गृहस्थाने त्याला सरकायला सांगितले.

"थो बिमार हाये," ढोलवाला म्हणाला. "पोटात हवा झाली त्याले."

गृहस्थ अकोल्यापर्यंत उभे राहिले.

आवार उत्तम होते. मधोमध बांबूला मायक्रोफोन टांगला आणि बँडला त्याच्याभोवती गोल चालायला सांगितले. वायर पायात येऊ नये म्हणून ती मी हातात उंच धरली. टेपची दोन रिळे आणली होती. पहिले संपले तेव्हा माझ्याकडे स्वच्छ, घुमारा नसलेले आणि अगदी निर्जीव संगीत होते.

"मयताले याच्याहून बरं वाजवतो आमी," मास्तर म्हणाले.

"मग अडतंय कुठे?"

"कोनासमोर वाजवून राहिलो आमी? नवरदेव कुठी हाये?"

हे माझ्या यादीत नव्हते. वऱ्हाडात बँड नवरदेवाच्या पुढे चालतो. मागे घोडा नसला तर कुणासाठी चालायचे, हे पायांना कळत नाही. मी नवरदेव मागवला. फाटकाबाहेरच्या एका टांग्याचा घोडा सोडवला गेला. जिनचे म्हातारे चौकीदार सोनाजी आजन्म ब्रह्मचारी. त्यांना शाल पांघरून वर बसवले. त्यांनी एकच अट घातली, मिशीला तेल लावायला वेळ द्यावा.

शेवटचे रीळ चढवले. बँड निघाला आणि पहिल्याच फेरीला ताल जमला. पावले जमिनीवर एकदम पडत होती. मास्तर डोळे मिटून फुंकत होते. तेवढ्यात फाटकाशी शेंगा विकणारी सखूबाई थेट मायक्रोफोनखाली येऊन उभी राहिली.

"काहून रे सोन्या, मले न सांगता लगन करून राहिला?"

"आता कुठी जमलं वो," घोड्यावरून उत्तर आले.

"आन् नवरी?"

"थे काय, वायर धरून उभी हाये."

टेपवर पुढे एका बाईचे हसणे आहे. बँड थांबला नाही. उलट ढोल जास्त जोरात वाजला.

परतीच्या गाडीत शेगावला कचोरी घ्या, गरम असेल तरच.

मुंबईत स्टुडिओच्या साहेबांनी टेप दोनदा ऐकली. हसणारी बाई कोण, असे त्यांनी विचारले. गर्दीतली असावी, असे मी सांगितले. बोलणे कापून टाका, नाहीतर बँडची लेखी संमती आणा, असे ते म्हणाले. ब्लेड माझ्या हातात होते. पण त्या बोलण्याखाली पावले चालू आहेत. ते कापले की एक पाऊल जाते, आणि ऐकणारा तिथे अडखळतो. घरी आल्यापासून माझ्या कानात बाकी काही नाही, तेवढे पाऊल आहे.

म्हणून मास्तरांना पत्र टाकले आहे. ते असे:

"मास्तर, सखूबाई, सोनाजी आणि ती बाई रेकॉर्डमध्ये ठेवू की कापू? ठेवायचे तर तसे लिहून सही करा. कापायचे तर मी पुन्हा येते. नवरदेव तयार ठेवा. शनिवारी तुमचे दात जाणार आहेत. उत्तर गुरुवारपर्यंत माझ्या हातात पडावे."