शेवंताची पात

शेवंता, माझी धाकटी जाऊ, खुरपायला बसली की बाकीच्या बायकांना तिची पाठच दिसायची. तिसगावच्या शिवारात आम्ही बायका टोळीनं खुरपायला जायचो. प्रत्येकीनं आपली ओळ धरायची, तिला पात म्हणतात. पात मागं राहिली की कमीपणा. शेवंताला तर जेवतानाही मांडी घालून बसवत नसे. "बसलं की मुंग्या येत्यात मला," म्हणायची.

चाळिशीत तिच्या तोंडावर आणि हातांवर कोड आलं. पांढऱ्या चट्ट्यांना ऊन सोसेना. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सनस्क्रीन दिलं आणि बजावलं, निघायच्या आधी जाडसर लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा, डोक्याचं फडकं आणि लांब बाह्या सोडू नका. शेवंतानं त्यातलं पहिलंच ऐकलं, तेही अर्धं. स्नो लावतात तसं जरासं चोळलं आणि फडकं घरीच ठेवलं. मी हटकलं तर म्हणाली, "आता मलम हाय की, आक्का. फडक्यात जीव गुदमरतोय."

संध्याकाळी दोन्ही हात भाजल्यासारखे लाल. मग फोड आले, फुटले, खुरपं धरवेना. घरात बसवलं तर दारापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर शेतात जाणं बंद करावं लागेल. तेव्हा तिनं मलम कसं लावायचं ते पुन्हा विचारून घेतलं.

बरी झाल्यावर ती आली ती नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट घालून, फडकं बांधून, ट्यूब कमरेला खोचून. ऊन चढलं तशी पात सोडून लिंबाखाली गेली. हात धुतले, कोरडे केले आणि मलमाचा चांगला थर दिला. तोवर ओळ पुढं सरकली. टोळीतली हौसा म्हणाली, "काय गं, हळद लागली व्हय तुला?" सगळ्या हसल्या.

"हसा. पात मालकाची हाय, कातडं माझं हाय," शेवंता म्हणाली. पाय मात्र जागच्या जागी नाचत होते. मी तिच्या पातीला हात लावायला गेले, तर म्हणाली, "न्हाई. तुमी तुमची बघा."

त्या दिवशी ती सगळ्यांच्या मागं राहिली. घरी भांडी आपटली. पुढं रोजच मागं राहू लागली. ते तिला कधी पचलं नाही, पण मलम एकदाही चुकवलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. शेवटची आंघोळ मी घातली. हात उलटेसुलटे करून पाहिले. चट्टे होते तसेच पांढरे. फोड एकही नव्हता.