कुंकू लावलेला फिल्टर

मुंबईतली गिरणी बंद पडली तेव्हा हे रत्नागिरीला परत आले आणि माझ्या पाटल्या मोडून आम्ही एक जुनी टॅक्सी घेतली. इंजिन बसलं की आमची चूलही विझली, एवढं मला कळत होतं. यांचं काय, कुणी हसून बोललं की झाला विश्वास. म्हणून गाडीच्या तेलाचं मी माझ्या हातात घेतलं.

दुकानात मी स्वतः जायची. सुट्या तेलाचं तर नावच नको. सीलबंद डब्यावरही माझा भरवसा नव्हता. रिकाम्या डब्यात जळकं तेल गाळून भरतात आणि भोक डाग देऊन बुजवतात, असं मी ऐकून होते. डबा उलटा करून बूड तपासायचं, तिथंच फोडायला लावायचा, तेल दोन बोटांत चोळून वास घ्यायचा. दुकानदार कावायचा. "वैनी, त्याल हाय ता, तूप नाय," म्हणायचा. म्हणेना का! एकदा तर ऐन उन्हाळ्यात पातळ तेल गळ्यात मारायला बघत होता मेला. मी चाळीस नंबरचं जाड घेऊनच उठले.

फिल्टरचं प्रकरण आणखी अवघड. तेव्हा तो घड्याघड्यांच्या कागदाचा असायचा आणि इंजिनाच्या बाजूच्या लोखंडी भांड्यात बसायचा. आत गेल्यावर नवा कुठला नि जुना कुठला, कोण बघतंय? मेस्त्री जुनाच रॉकेलने धुऊन बसवतात आणि नवा दुसऱ्याला विकतात, हा माझा पक्का संशय. म्हणून नवा आणला की मी तो देवापुढे ठेवायची आणि घड्यांत चांगलं चिमूटभर कुंकू दाबायची. देवाचंही झालं आणि खूणही झाली.

एकदा भर हंगामात राजापूरचं भाडं घेऊन निघालेली गाडी हातखंब्याच्या पुढे तेलाचा लाल दिवा लागून थांबली. ट्रकमागे बांधून मेस्त्रीकडे आणली. मी पदर खोचून तिथं हजर.

"भांडं माझ्यासमोर उघडायचं," मी मेस्त्रीला बजावलं.

आतला कागद काळाठिक्कर, फुगून फाटलेला. परवाच दिलेला नवा फिल्टर असा होतो? कुंकवाचा तर मागमूस नव्हता.

"माझा नवा फिल्टर कुणाला विकलास?" मी ओरडले. रस्त्यावरची माणसं थांबली. मेस्त्रीने यांच्याकडे बघितलं.

यांनी डिकी उघडली. स्टेपनीखालून फडक्यात गुंडाळलेला फिल्टर काढला. कोरा करकरीत, घड्यांत माझं कुंकू.

"ही पूड तेलातून इंजिनात जायल, बेअरिंग खायल, असं मेस्त्रीन सांगितलान," हे म्हणाले. "मग मीच जुना धुऊन बसवायला सांगितलं."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तुला? कुंकू झटकून नवा बसवला असता, तरी खूण नाय बघून तू म्हणाली असतीस, बदलला. सांगायची छातीच झाली नाय."

दिवा लागताच यांनी गाडी बंद केली होती, म्हणून इंजिन वाचलं. मेस्त्रीला मी काय म्हणाले ते आता आठवत नाही. घरी येताना मात्र मी यांच्याकडे चोरून बघत होते. सगळ्या बाजारावर डोळा ठेवून बसले होते मी, आणि माझाच माणूस मला भीत होता. फार वाईट वाटलं. आणखी काय काय माझ्यापासून लपवलंय, हे विचारायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तरी खरं सांगितलं असतं कशावरून?