फिल्टरवाल्या गुरमीतजी

चंदीगडला आमच्या घरी टेलिफोन आला त्याच आठवड्यात मी माझ्याच घरात नोकर झालो. पंजाबातले ते दहशतीचे दिवसच असे होते की फोन वाजला की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघत. धमक्या फोनवर येत, खंडणीची मागणी फोनवर येई, कोणी गेलं तर तेही फोनवरच कळे. 'जोशीजी, उचलल्या उचलल्या नाव सांगू नका,' असं ऑफिसातल्यांनी मला बजावून ठेवलं होतं. म्हणून पहिला फोन वाजला तेव्हा मी घोगरा आवाज काढला आणि माझ्या सातारी हिंदीत म्हणालो, "साब घर पे नहीं है. मैं नौकर बोलता है." नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून ही ओरडली, "अहो, चहा निवतोय, कोणाचा फोन?"

पलीकडे एक बाई होत्या. शांतपणे म्हणाल्या, "चाय पी लो जी पहले. कोई बुरी ख़बर नहीं है. मैं तो पानी का फिल्टर बेचती हूँ."

त्या गुरमीतजी. मी रिसीव्हर लाजेनं हिच्या हातात कोंबला आणि खरोखरच चहा प्यायला गेलो. दोघी पुष्कळ वेळ बोलत होत्या. फिल्टर आम्ही घेतला नाहीच, उलट आमच्या घरचंच माणूस तिकडे गेलं. पुढच्या सोमवारपासून ही त्या बाईंच्या ऑफिसात कामाला लागली.

मी विरोध केला. असल्या दिवसांत बाहेर कशाला, वगैरे. ही म्हणाली, "तुमच्या बदल्यांपायी मला कुठली शाळा कायम करणार आहे? बी.एड.चं सर्टिफिकेट ट्रंकेत कुजतंय. दिवसभर भिंतींशी बोलते, तिथे निदान माणसांशी बोलेन." सोमवारी तिला बसपर्यंत सोडायला मीच गेलो. माझा विरोध नेहमी असाच असतो.

ऑफिस म्हणजे एका दुकानावरची खोली. एक लांब टेबल, चार फोन आणि सुटी पानं करून वाटलेली टेलिफोन डिरेक्टरी. मालक चोप्रा पूर्वी मुलींना फिल्टर घेऊन दारोदार पाठवत असे. पण अनोळखी माणसाला दार उघडणं लोकांनी सोडून दिलं, म्हणून त्यानं फोन घेतले. तिथे कोणी हौसेनं आलेलं नव्हतं. एकीच्या नवऱ्याचं बटाल्याचं दुकान बंद पडलं होतं. दुसरीला संध्याकाळच्या बसनं येण्याची भीती वाटे, आणि ही नोकरी उजेडात संपायची. सकाळपासून तेच वाक्य म्हणायचं, "नमस्ते जी, क्या आप जानते हैं आप कैसा पानी पी रहे हैं?" निम्मे लोक फोन उचलून काही बोलतच नसत, आपण कोण ते कळेपर्यंत गप्प राहत. काही शिव्या देत. काही पुरुष फिल्टर सोडून भलतंच विचारत. आमची ही पहिले दिवस घरी येऊन झोपेतही पाण्याबद्दल विचारायची. मी 'नळाचं' असं उत्तर देऊन कूस बदलत असे.

कोणी शिवी दिली की गुरमीतजी हिला समजावत, "गाली देनेवाला घर में बैठा है, ज़िंदा है. रब का शुकर कर."

त्या तरनतारनकडच्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, डोक्यावर कायम पांढरी ओढणी. त्यांचा बिल्लू कॉलेजात होता. एका दुपारी सायकल घेऊन बाहेर पडला तो आलाच नाही. कोणी म्हणे बंदूकवाल्या पोरांनी नेला, कोणी म्हणे पोलिसांनी. नवरा गावात घर राखत बसला आणि गुरमीतजी भावाकडे चंदीगडला आल्या. गावात फोन नव्हता, भावाकडेही नव्हता. चोप्रानं नोकरीवर घेताना पगार सांगितला तर यांनी तो ऐकूनही घेतला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की बाहेरून फोन येतो तो यातल्या कुठल्यावर? कोपऱ्यातला, असं कळल्यावर त्या त्याच खुर्चीवर बसल्या, आणि तो नंबर त्यांनी सगळ्या नातेवाइकांना, बिल्लूच्या मित्रांना, गावच्या गुरुद्वारातल्या ग्रंथींना कळवला.

पण मग पंचाईत अशी, की ज्या फोनची वाट बघायची तोच फोन दिवसभर आपण अडवून ठेवायचा. यावर त्यांनी स्वतःपुरती रीत काढली होती. एक फोन झाला की रिसीव्हर खाली ठेवायचा, हात मांडीवर घ्यायचे आणि थोडं थांबायचं. मग पुढचा नंबर. चोप्रा चिडे, सगळ्यांत कमी फोन तुमचे होतात म्हणून. त्या मान वर न करता म्हणत, "लाइन को साँस लेने दो, चोपड़ाजी." चोप्रा पुटपुटत निघून जाई. त्यानं त्यांना काढलं मात्र नाही.

बिल्लूच्या वाढदिवशी दुपारी त्या गुरुद्वारात माथा टेकायला गेल्या. जाताना हिला आपल्या खुर्चीवर बसवून गेल्या. नंबर फिरवू नकोस, फक्त बस, असं सांगून. थोड्या वेळानं फोन वाजला. हिनं उचलला आणि तोंडाला सकाळपासून जी सवय लागली होती तिनं दगा दिला. "नमस्ते जी, क्या आप जानते हैं आप कैसा पानी पी रहे हैं?" पलीकडे कोणी बोललं नाही. एक श्वास ऐकू आला आणि फोन बंद झाला.

गुरमीतजी प्रसादाचा द्रोण घेऊन परतल्या. नेहमीसारखं विचारलं, कोणाचा फोन? हिचा चेहराच सांगत होता. ही म्हणाली, "आया था. 'बीजी' बोला, और लाइन कट गयी." ऑफिसातल्या बाकीच्या बायका आपापल्या आईला बीजी म्हणत.

संध्याकाळी ही घरी आली ती चपला न काढताच बसून राहिली. मी विचारलं, खरंच बोलला तो तसं? ही म्हणाली, "कोणी काही बोललं नाही हो. पण मी तिला काय सांगू? तुझ्या मुलाला पाणी विकायला निघाले म्हणून?"

ऑफिसात ते ऐकून गुरमीतजींनी आधी द्रोण टेबलावर ठेवला होता. मग तिच्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "जीती रह." खोलीतल्या सगळ्यांना प्रसाद वाटला. पुढे कधी जेवणाच्या सुट्टीत त्या हिच्याशेजारी येऊन बसत आणि विचारत, कसा बोलला होता ग? ही सांगे. दिल्लीला दिलेल्या त्यांच्या मुलीनं कितीदा बोलावलं, पण ती खुर्ची सोडून त्या गेल्या नाहीत. कोपऱ्यातला फोन पुन्हा वाजे तो गिऱ्हाइकांच्या तक्रारींसाठी.

मग आमची नागपूरला बदली झाली. निघायच्या दिवशी गुरमीतजी भावाला घेऊन पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, डबा द्यायला आल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नौकर जी, अब तो साब बन जाओ." मी हसलो. मग हिचा हात धरून म्हणाल्या, एकदा शेवटचं सांग. ही आपल्या मराठी उच्चारात, अगदी हळू म्हणाली, "बीजी." त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ओढणी सारखी केली आणि पायऱ्या उतरून गेल्या. भाऊ आमच्या ट्रंकेला दोर बांधायला मागे थांबला.

अंबाला मागे पडेपर्यंत ही खिडकीबाहेर बघत होती. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणालो, खोटं का होईना, तुझ्या एका शब्दावर बाई तगली.

"तिच्या भावानं दोर बांधताना सांगितलं," ही म्हणाली. "बिल्लू तिला बेबे म्हणायचा. जन्मल्यापासून बेबेच. बीजी त्यानं कधी म्हटलंच नव्हतं."