पडायचा सीन शेवटच्या दिवशी

नऊ वर्षं मी स्वस्तातल्या ब्रिटिश विनोदी सिनेमांचं प्रॉडक्शन सांभाळलं. सिनेमे ब्रिटिश, शूटिंग सिंगापूरला, कारण निर्माता इंग्लंडचा असला तरी इथेच स्थायिक झालेला. दर वर्षी एक सिनेमा. तेच कुटुंब, तोच पब, तेच विनोद. पबचा सेट जुरोंग ईस्टच्या एका गोदामात कायमचा लावलेला होता, आणि सेम्बावांगची जेटी इंग्लंडचा समुद्रकिनारा व्हायची. नट लोकरीचे कोट घालून, घामाने निथळत, "काय गारठा आहे" म्हणायचे. कोट ड्रायक्लीनिंगला शूटिंग संपल्यावर एकदाच जायचे. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याजवळ उभं राहवत नसे.

सगळा डोलारा इंग्लंडहून येणाऱ्या एका म्हाताऱ्या नटावर होता. प्रत्येक सिनेमात तो एकदा पाण्यात पडायचा आणि लोक त्यासाठीच बघायचे. पडायचाही सुरेख. आधी टोपी सावरायचा, मग काहीतरी आठवल्यासारखा चेहरा करायचा, मग जायचा खाली. त्याच्या जागी स्टंटवाला कधी घेतला नाही. पाठमोरा माणूस पडला तर कोणी हसत नाही, असं निर्माता म्हणायचा.

हा सीन नेहमी शेवटच्या दिवशी. पहिल्या वर्षी मला वाटलं, कपडे भिजतात म्हणून असेल. निर्मात्याने खुलासा केला, "त्या दिवशी त्याचं काही मोडलं तरी बाकी सगळं शूट झालेलं असतं." मी मान डोलावली. पुढची सगळी वर्षं तो सीन वेळापत्रकाच्या शेवटच्या रकान्यात मीच टाइप केला. कोणाला सांगावं लागलं नाही.

नवव्या सिनेमाच्या वाचनाला म्हातारा काठी घेऊन आला. काठी भूमिकेसाठी आणली आहे, म्हणाला. पण खुर्चीतून उठताना त्याने दोनदा प्रयत्न केला, ते मी पाहिलं. निर्मात्यानेही पाहिलं. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, हे त्यालाही माहीत होतं. बाहेर येऊन तो मला म्हणाला, "शेवटच्या दिवसापर्यंत टिकव त्याला."

घरी डायनिंग टेबलवर मी वेळापत्रक करत बसले होते. पंधरा वर्षांची मुलगी डोकावली.

"आई, हा फॉल एव्हरी टाइम लास्ट का?"

मी कारण सांगितलं. कामाचं कारण सांगतात तसं, सरळ.

"म्हणजे मेला तरी नेव्हर माइंड लाह, पिक्चर तर झालं," ती तिच्या सिंगापुरी शाळेतल्या बोलीत म्हणाली.

नवऱ्याने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. "आमच्या ऑफिसात उलट असतं. ज्याने प्रोजेक्ट बुडेल ते काम पहिलं. मग सगळे आपोआप नीट वागतात."

मी सीन पहिल्या दिवशी टाकला आणि जेटीची परवानगी त्या एकाच दिवसाची घेतली.

निर्मात्याचा फोन आला. "वेड लागलंय का तुला? पहिल्याच दिवशी त्याला काही झालं तर सिनेमा गेला."

"हो."

"मग?"

"मग काळजी घ्या."

दुपारपर्यंत त्याने स्टंटवाला ठरवला. इतकी वर्षं पाठमोऱ्या माणसाला कोणी हसत नव्हतं. त्या दुपारपासून हसणार होते. मला त्याची किळस आली, पण रकान्यात टाइप करणाऱ्या माझ्या बोटांचीही आली.

शूटिंगच्या दिवशी म्हातारा कोटाच्या आत रबरी सूट घालून तयार होऊन आला. समोर त्याच्यासारख्याच कोटात तिशीतला एक पोरगा उभा.

"हे कोणी ठरवलं?"

"मी सीन पहिल्या दिवशी घेतला. तुमचा खुबा..."

"खुबा माझा आहे, डिअर. आणि या सिनेमांत मी दुसरं काय करतो? बोलायला बाकीचे आहेत. मी पडतो. तू मला वाचवलं नाहीस, कामावरून काढलंस."

पोरगा पडला. व्यवस्थित पडला. युनिटमधलं कोणी हसलं नाही. निर्माता माझ्या कानाशी आला. "शेवटच्या दिवशी परत घेऊ, त्याच्याकडूनच. तो तयार आहे."

म्हातारा खरंच तयार होता. टोपी हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, अगदी आर्जवाने. तेच मला सर्वांत असह्य झालं.

"जेटीची परवानगी आजचीच आहे," मी म्हटलं.

"वाढवून घे."

"नाही घेणार."

शेवटच्या दिवशी आम्ही पबमधला जेवणाचा सीन घेतला. म्हातारा माझ्याशी एक शब्द न बोलता एअरपोर्टला गेला.

पुढच्या सिनेमाला निर्मात्याने त्याला बोलावलं नाही. पडत नसेल तर त्याला आणायचं कशाला, असं तो म्हणाल्याचं मेकअपच्या मुलीकडून कळलं. मलाही बोलावलं नाही. नवा नट एकसष्ट वर्षांचा आहे म्हणे. तो कितव्या दिवशी पडतो, हे मी तिला विचारलं नाही.