सल्ला माझ्यासाठी, सही दिराची

मंगळवारी फॉलोअपला गेले होते. हॉस्पिटल सोलापुरातलंच, नाव लिहीत नाही... पण तेव्हापासून डोकं जे तापलंय ते अजून उतरलेलं नाही. म्हणून आज सगळं लिहूनच टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पावणेदोन वर्षांपूर्वी मला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला होता. आधी बाहेरून रेडिएशन, मग आतून... आमच्याकडे त्याला ‘शेक’ म्हणतात. बरी झाले, शाळेत परत रुजू झाले. दहावीला विज्ञान शिकवते.

तेव्हा मला सगळं सांगितलं होतं. तिखट कमी करा, पाणी भरपूर प्या, गर्दीत जाऊ नका... पण नवरा-बायकोच्या संबंधांचं काय, यावर एक अक्षर नाही.

घरी आल्यापासून हे हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले. मला वाटलं, मला नीट झोप मिळावी म्हणून असेल. चार महिन्यांनी मीच एकदा पुढाकार घेतला. इतकं दुखलं की मी रडायला लागले, आणि हे घाबरून बाजूला झाले. त्यानंतर तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मला वाटलं, यांना आता माझी किळस येते. बेचाळिसाव्या वर्षी मी मनातल्या मनात त्या सुखाचं बारावं-तेरावंही उरकून टाकलं... आणि गप्प बसले.

तर मंगळवार. या वेळी तपासायला नवीन डॉक्टर होत्या, तरुण मुलगी. तपासणीचं साधन आत जाईना. मी ओरडले तशी ती लगेच थांबली. मला उठून बसू दिलं आणि विचारलं, “मॅडम, डायलेटर वापरत नाही का तुम्ही?”

मी म्हटलं, “ते काय असतं?”

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मग शांतपणे सांगितलं. शेकानंतर योनीमार्ग कोरडा पडतो, आतून आक्रसतो. तो चिकटू नये म्हणून शेक संपल्यावर काही आठवड्यांनी एक गुळगुळीत नळीसारखं साधन जेल लावून आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचं असतं. संबंधांसाठी तर हवंच, पण पुढची तपासणी नीट करता यावी म्हणूनही हवं.

मग तिने माझी फाईल उघडली. डिस्चार्जच्या कागदावर स्वच्छ लिहिलेलं... ‘लैंगिक आरोग्य व डायलेटरबाबत समुपदेशन केले.’ पुढे बरोबरची खूण. खाली सही.

सही माझी नव्हती. यांचीही नव्हती. माझ्या दिराची होती!

डिस्चार्जच्या दिवशी भाऊजी वेळापूरहून गाडी घेऊन आम्हाला न्यायला आले होते. हे खाली औषधं आणायला गेले होते. आणि मी? मी दहा पावलांवर कॉटवर बसले होते. जागी, शुद्धीत, बॅग भरत.

तिथूनच भाऊजींना फोन लावला. सहीचं विचारलं.

“व्हय वहिनी... सिस्टर कायतरी सांगत होत्या. पन मी तुमाला कसं सांगनार ओ?”

“मग तुमच्या दादाला तरी सांगायचं!”

“सांगितलं की. म्हनलं, वहिनीला लई जपायला सांगितलंय.”

...म्हणजे हे मला जपत होते. दीड वर्ष. हॉलमधल्या दिवाणावर.

भाऊजींवर माझा राग नाही, त्या बिचाऱ्याने काय करावं? माझा राग वेगळा आहे. माझ्या शरीराची गोष्ट सांगायला हॉस्पिटलवाल्यांना घरातला पुरुष लागला, कुठलाही चालला... फक्त मी चालले नाही.

तिथल्या जुन्या सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या, “बायकांना लाज वाटते ओ मॅडम, म्हणून आम्ही नातेवाइकांना सांगतो.” मला लाज वाटते का, हे विचारलं होतं कुणी? आणि वाटली असती तरी सांगायला नको? डायबेटिस असता तर साखर बंद करायचं दिराच्या कानात सांगितलं असतं का?

थोडा राग स्वतःवरही आहे. पुनरुत्पादनाचा धडा शिकवताना मुलं खुसखुसली की मी त्यांना दटावते, ‘यात लाजायचं काय?’ आणि मीच दर फॉलोअपला ‘बाकी काही त्रास?’ या प्रश्नावर ‘काही नाही’ म्हणून घरी येत होते.

त्या तरुण डॉक्टरने मग बाहेर बाकावर बसलेल्या यांना आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून सगळं परत सांगितलं. हे फरशीकडे बघत ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, “म्हणजे... माझ्यामुळं हिचा आजार परत उठणार नाही ना?”

डॉक्टर म्हणाल्या, “अजिबात नाही. तुमच्यामुळं काही होणार नाही, आणि तुम्हालाही त्याची लागण होणार नाही.”

मी यांच्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते. मी ज्याला किळस समजत होते ती भीती होती... एका वाक्यात गेली असती अशी.

आता सगळ्यात लहान साईजपासून सुरुवात केलीय. दुखतं. उशीर झालाय, त्यामुळे वेळ लागेल, पूर्वीसारखं होईलच असंही नाही, असं डॉक्टरने स्पष्ट सांगितलंय. पण तिने ते मला सांगितलं, माझ्या डोळ्यांत बघून... त्या पोरीचे आभार कसे मानू कळत नाही.

पोस्ट टाकण्याआधी यांना वाचायला दिली. “भावाचं नाव टाकू नको,” एवढंच म्हणाले. शाळेतले सहकारी वाचतील, पालक वाचतील... वाचू देत.

बायांनो, तुमचा शेक झाला असेल, तर आज एकदा आपली फाईल उघडून बघा. तुम्हाला सांगायची गोष्ट कुणाला सांगून ठेवलीय, ते तरी कळेल.